नाईक यशवंत घाडगे यांना ‘विषयाबाहेर’ काढणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
आंतरशालेय निबंध स्पर्धेची संयोजन समिती,
तसेच रायगड जिल्ह्यातील सर्व मुख्याध्यापक, इतिहासाचे शिक्षक आणि ग्रामपंचायतींचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

‘महाराष्ट्राचे शूर जवान’ या विषयावर आपण स्पर्धा घेतलीत. तिच्यात आठवीतल्या एका मुलीने, दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आलेल्या आपल्याच जिल्ह्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांच्यावर निबंध लिहिला होता. तो परीक्षकांपर्यंत गेलाच नाही. पहिल्या पानावर लाल शाईने शेरा मारून तो शाळेकडे परत आला: ‘इंग्रजांच्या फौजेतील शिपाई. विषयात बसत नाही.’ शाळेने विचारणा केली तेव्हा आपल्यापैकी एका सदस्यांनी फोनवर सांगितले, की परक्यांसाठी लढलेल्यांचा गौरव केला तर स्वातंत्र्यसैनिकांचा अपमान होतो, आणि मुलांपुढे चुकीचा आदर्श जातो.

एका मुलीचे बक्षीस हुकले म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. बक्षिसे येतात, जातात. त्या शेऱ्यात आपल्या जिल्ह्यातल्या हजारो घरांवर एक निकाल दिला गेला आहे आणि तो मला मान्य नाही. खाजगीत पत्र पाठवून हा विषय मिटवता आला असता. पण हाच विचार मी अनेक शाळांच्या शिक्षक-खोल्यांतून, अनेक सभांतून ऐकला आहे, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी मी कोण, ते सांगतो. मी याच जिल्ह्यात उभी हयात इतिहास शिकवला. आता निवृत्त आहे. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ मराठा पलटणीत होते. ते दुसऱ्या महायुद्धात कामी आले. घरात त्यांचा फोटो नाही. आहे ते एका मनीऑर्डरचे कूपन. त्यावर बेळगावच्या डाकघराचा शिक्का आहे आणि शिसपेन्सिलीने दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलेला मजकूर आहे: पैसे पोचले की कळवा, बैल विकू नका, धाकट्याला शाळेतून काढू नका. ते धाकटे म्हणजे माझे वडील. ते शाळेतून निघाले नाहीत, म्हणून पुढे मी शिक्षक होऊ शकलो. तेव्हा ‘परक्यांसाठी लढले’ हे वाक्य कुणी सहज उच्चारले की मला ते आमच्या ओटीवर येऊन कुणीतरी सुनावल्यासारखे लागते.

आता ज्यांना आपण विषयाबाहेर काढलेत त्यांच्याविषयी. त्या मुलीचा निबंध आपण वाचला असेल असे मला वाटत नाही, म्हणून त्यातल्या गोष्टी मी इथे थोड्या विस्ताराने मांडतो.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक होते, म्हणजे एका सेक्शनचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली मूठभर माणसे. फौजेच्या उतरंडीत हे पद फार वरचे नाही. पण लढाईत सर्वांत पुढे जी माणसे चालतात त्यांना प्रत्यक्ष नाव घेऊन हाक मारणारा नाईकच असतो.

1944 च्या उन्हाळ्यात ही पलटण इटलीत होती. मे महिन्यात जर्मनांनी अडवून धरलेले कॅसिनो हे ठिकाण पडले होते, 4 जूनला रोम मोकळे झाले होते. जर्मन फौज उत्तरेकडे माघार घेत होती, पण धावत पळत नव्हती. दर टेकडीवर, दर वळणावर मशीनगन लावून थोडी माणसे मागे ठेवायची, पाठलागावर येणाऱ्यांना तिथे अडकवायचे, तोवर मागच्या डोंगरात पक्की तटबंदी उभी करायची, अशी त्यांची चाल होती. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात या टेकड्या एकामागून एक लागतात. कोकणातल्या माणसाला चढउतार नवा नाही. पण वर बसलेला आपल्याला पाहतो आहे आणि आपल्याला तो दिसत नाही, अशा चढणीवर चालणे ही वेगळीच गोष्ट आहे. दहाव्या भारतीय डिव्हिजनच्या वाट्याला हे खोरे आले होते आणि तिच्यात ही मराठा पलटण होती.

10 जुलै 1944. घाडगे यांच्या कंपनीने एका मजबूत ठाण्यावर हल्ला चढवला. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. सेक्शनमधला प्रत्येक माणूस मारला गेला किंवा जखमी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. आता आपल्याबरोबर यायला कुणीच उरलेले नाही, हे त्यांना माहीत होते. ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबाँब टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गप्प झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी संपवले. ठाणे त्यांच्या ताब्यात आले. त्यानंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांचा प्राण गेला. वय 22.

घाडगे यांना मरणोत्तर मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिशांच्या सर्वोच्च शौर्यपदकासाठी प्रसिद्ध झालेल्या मानपत्रातला हा तपशील आहे. ते 2 नोव्हेंबर 1944 रोजी लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारच्या राजपत्रात आले. मानपत्रातली भाषा कोरडी असते, तरी ‘वाचण्याची आशा फारच थोडी आहे हे त्यांना ठाऊक होते’ अशा अर्थाचे वाक्य त्यात आहे. वर्गात हा प्रसंग सांगताना मी तिथे नेहमी थांबायचो. त्या क्षणी मागे फिरले असते तर त्यांना कोण बोल लावणार होते? सगळे सेक्शन पडलेले, कंपनी मागे. कुणीही म्हटले असते, एकटा माणूस काय करणार. पण त्या उतारावर त्यांची जखमी माणसे पडलेली होती आणि मशीनगन चालू राहिली असती तर त्यांतला एकही वाचला नसता. ते इंग्लंडच्या राजासाठी धावले की त्या माणसांसाठी, हे ठरवायला कुठला कागद लागत नाही, असे माझे मत आहे.

पदक 1945 साली दिल्लीत त्यांच्या विधवा पत्नीने व्हाइसरॉयच्या हातून घेतले. इटलीतल्या कॅसिनो येथील स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे, त्याला हारही पडतात आणि ते करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. ज्याच्या पुतळ्याला तालुक्याने हार घालायचा, त्याच्यावर त्याच मातीतल्या मुलीने दोन पाने लिहिली तर ती बाद का व्हावीत?

आता माझ्या तक्रारी. राग आहे, पण तो बाजूला ठेवून एकेक मांडतो.

पहिली. ‘1947 नंतरचेच जवान’ अशी अट आपल्या परिपत्रकात कुठेही नव्हती. मी ते वाचले आहे. विषय होता ‘महाराष्ट्राचे शूर जवान’. घाडगे महाराष्ट्राचे, शूर आणि जवान. अट नंतर लावायची आणि तिचा फटका ज्याने सांगितल्याप्रमाणे काम केले त्या मुलाला द्यायचा, हे कुठल्याही स्पर्धेच्या रीतीत बसत नाही.

दुसरी तक्रार लाल शाईची. नाकारायचेच होते तर मुख्याध्यापकांना वेगळी चिठ्ठी देता आली असती. त्या मुलीच्या हाती आला तो कागद आणि त्यावर मोठ्या माणसाच्या अक्षरात तिच्या गावाजवळच्या शूर माणसाविषयी लिहिलेले ‘इंग्रजांच्या फौजेतील शिपाई’. तिने मला विचारले, “सर, मग ते वाईट होते का?” समितीच्या सभासदांनी या प्रश्नाला तिच्यासमोर बसून उत्तर द्यावे असे मला वाटते. मी माझे उत्तर दिले, पण ते देण्याची पाळी माझ्यावर यायला नको होती.

तिसरी तक्रार सर्वांत मोठी आहे, कारण इथे इतिहासच चुकतो.

आपण ज्या फौजेला ‘इंग्रजांची’ म्हणून बाजूला सारता, 15 ऑगस्ट 1947 ला तीच आपली फौज झाली. फाळणीत तिची वाटणी झाली, पण आपल्याकडे आलेल्या पलटणी त्याच होत्या, माणसे तीच होती. परमवीरचक्र मिळालेले रामा राघोबा राणे प्रत्येक यादीत असतात आणि असायलाच हवेत. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. तेच राणे दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर बॉम्बे सॅपर्स या फौजेच्या अभियंता दलात होते. पहिले परमवीर मेजर सोमनाथ शर्मा ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये लढले होते. लान्स नाईक करम सिंग यांना परमवीरचक्राआधी ब्रह्मदेशातल्या कामगिरीसाठी मिलिटरी मेडल मिळाले होते. मग यांनाही विषयाबाहेर काढणार का? नसेल, तर 1944 मध्ये हे आणि घाडगे एकाच फौजेचा गणवेश घालून एकाच महायुद्धात लढत होते, हे कसे विसरायचे? फरक एवढाच, की राणे परत आले आणि घाडगे आले नाहीत. परत न आल्याची शिक्षा मेलेल्या माणसाला द्यायची हा कुठला न्याय?

आणखी एक गोष्ट, जी आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांनाही बहुधा कुणी सांगितलेली नसते. घाडगे यांची तिसरी मराठा पलटण युद्धानंतर पॅराशूट पलटण झाली. 1948 मध्ये काश्मीरमध्ये झांगरला ती लढली. 1952 मध्ये ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये 2 पॅरा म्हणून गेली. 11 डिसेंबर 1971 रोजी बांगलादेशात टांगाइलजवळ विमानांतून उतरली ती हीच पलटण आणि 16 डिसेंबरला ढाक्यात पहिल्यांदा शिरली तीही हीच. टांगाइलच्या उडीवर मुलाने निबंध लिहिला तर त्याला आपण शाबासकी द्याल. पलटणीला मात्र विचारा, तिचा इतिहास 1947 ला सुरू होतो का? ती टायबरचे खोरेही आपले मानते आणि टांगाइलही. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात उपासमार सोसलेली ‘110 वे मराठा’ ही पलटणदेखील तिचीच पूर्वज. पलटणीने जे तोडले नाही ते आपण निबंधाच्या कागदावर का तोडावे?

चौथी. ‘स्वातंत्र्यसैनिकांचा अपमान होतो’ हे म्हणणे मी गंभीरपणे घेतो, कारण ते म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. माणगावच्या शेजारी महाड. सप्टेंबर 1942 मध्ये महाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, आपली माणसे हुतात्मा झाली. त्यांच्या त्यागापुढे मी कायम नतमस्तक राहिलो आहे आणि दरवर्षी वर्गात त्यांची गोष्ट सांगत आलो आहे. त्याच दिवसांत त्याच दरीखोऱ्यांतली तरुण पोरे पलटणीत होती. कित्येक घरांत एक भाऊ सभेला जात होता आणि दुसरा भरतीला. आई एकच. भात एकदा काढले की कोकणात पोटाला काय, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक वाडीत होता. मुंबईची गिरणी नाही तर पलटण, एवढ्या दोनच वाटा दिसत होत्या. त्या वाटेने गेलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला आज पंख्याखाली बसून ‘तू परक्यांसाठी गेलास’ असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. आपल्यालाही नाही. दोघांनाही जवळ करणारा इतिहास शिकवता येतो. मी तो शिकवला आहे आणि मुलांना तो नीट कळतो. मोठ्यांपेक्षा लवकर कळतो.

शिवाय लढाई कुणाशी होती? इटलीत घाडगे यांच्या समोर हिटलरची फौज होती. टायबरच्या खोऱ्याच्या पश्चिमेला तोस्कानीत चिवितेल्ला नावाचे गाव आहे. 29 जून 1944 रोजी, म्हणजे घाडगे यांच्या मृत्यूच्या आधी अवघे अकरा दिवस, जर्मन सैनिकांनी तिथे आणि आसपासच्या वाड्यांत दोनशेहून अधिक निःशस्त्र गावकरी मारले. ज्या ठाण्यांवरून आपली माणसे गोळ्या झेलत चढली, त्यांच्या मागे अशी गावे होती. साम्राज्याचा हिशेब साम्राज्याने द्यावा. त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या दाराशी जो मराठा शिपाई पोचला, त्याच्याकडे पाहून त्या शेतकऱ्याने काय म्हटले असेल, हेही इतिहासातच येते.

त्याचे उत्तर तिकडच्या लोकांनी दिले आहे. पेरुजा प्रांतात मोन्तोने नावाचे डोंगरावरचे छोटे जुने शहर आहे. जुलै 2023 मध्ये तिथल्या नगरपालिकेने इटलीच्या युद्ध-इतिहासकारांच्या साथीने यशवंत घाडगे यांच्या नावाचे स्मारक उभारले. ते सूर्यघडीच्या रूपात आहे आणि त्यावर लॅटिन बोधवाक्य आहे, ‘आपण सारे एकाच सूर्याखाली’ अशा अर्थाचे. भारताचे राजदूत त्या समारंभाला होते. इटलीच्या मोहिमेत 50 हजारांहून अधिक भारतीय सैनिक लढले, त्यांतले 5,782 परत आले नाहीत. त्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा भारतीय फौजेच्या जवानांना, आणि त्या सहांत दोन मराठा पलटणीचे. दुसरे होते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले नामदेव जाधव. 9 एप्रिल 1945 ला सेनिओ नदीवर त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून आपले जखमी साथी वाहून आणले, मग मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना देत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. ते जिवंत परतले. ही दोन्ही नावे आपल्या किती शाळांच्या भिंतींवर आहेत?

पाचवी तक्रार समितीपुरती नाही, आपल्या सगळ्यांची आहे. कोकणात आणि घाटावर कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची दगडी पाटी आहे. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या ओट्यावर. या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच मजकूर. नावे नाहीत, फक्त आकडे. एका गावी मी पाहिले, नवीन इमारत बांधताना पाटी काढली होती आणि वाळूच्या ढिगाशेजारी पालथी पडली होती. दुसऱ्या एका गावी तिच्यावर ऑइलपेंटचा हात फिरवला होता, अर्धी अक्षरे बुजली होती आणि कामी आलेल्यांचा आकडा वाचता येत नव्हता. मी बोटाने चाचपून पाहिला, तरी लागला नाही. तिथल्या तरुण सदस्याला विचारले तर तो म्हणाला, “काका, ती इंग्रजांची पाटी आहे.” आपल्या शेऱ्यातले वाक्य आणि हे वाक्य एकच आहे. एकदा ‘इंग्रजांचे’ म्हटले, की दगड पालथा टाकायला कुणाला काही वाटत नाही. पण त्या आकड्यातला प्रत्येक माणूस त्या गावातल्या कुठल्या ना कुठल्या घरातला होता. त्याची बायको, आई त्याच चावडीवर पेन्शनच्या चौकशीला येऊन बसली असेल.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

समितीने तो शेरा लेखी मागे घ्यावा आणि तसे पत्र त्या मुलीच्या नावे, तिच्या शाळेत द्यावे. निबंध परीक्षकांकडे पाठवावा. तो चांगला आहे की सामान्य, हे त्यांनी ठरवावे, आणि सामान्य ठरला तर माझी काही तक्रार नाही. तिला सवलत नको आहे, तिला वाचले जायला हवे आहे.

पुढच्या वर्षी काही मर्यादा घालायचीच असेल तर ती परिपत्रकात आधी छापावी. पण माझी विनंती आहे, की अशी मर्यादा घालूच नये.

जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांनी दरवर्षी 10 जुलैला परिपाठात घाडगे यांच्या मानपत्राचे मराठी भाषांतर वाचून दाखवावे. सारे मिळून तीन-चार मिनिटांचे काम आहे. शाळा तेव्हा सुरू असतात, सुट्टीची सबब नाही. त्याला खर्च नाही, पाहुणे नकोत, मंडप नको. जमलेच तर भाषांतर मुलांकडूनच करून घ्यावे. माझ्या अनुभवाप्रमाणे मुले ‘टॉमीगन’पाशी अडतात आणि मग स्वतः शोधून काढतात.

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक काम सुचवतो. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंद इंटरनेटवर सर्वांना मोफत खुली आहे. दोन्ही महायुद्धांत कामी आलेल्यांची नावे, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि स्मारक तिच्यात मिळते. कित्येक नोंदींत वडिलांचे किंवा पत्नीचे नाव आणि गाव, तालुकाही असतो. गावांची स्पेलिंग जुनी आणि वाकडीतिकडी आहेत, त्यामुळे एकच गाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे लागते. नववीच्या मुलांना आपापले गाव शोधायला सांगा. माझ्या वडिलांच्या भावाचे नाव मला तिथेच सापडले. आमच्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या मृत्यूची खरी तारीख कळली. तोवर आम्ही त्यांचे श्राद्ध सर्वपित्रीला घालत होतो.

ग्रामपंचायतींना हात जोडून सांगणे आहे. पाटी असेल तर तिचा आजच्या आज फोटो काढा. तिच्यावर रंग लावू नका, प्लास्टर फिरवू नका, अॅसिडने धुऊ नका. बांधकामासाठी हलवावी लागली तर ग्रामसभेत नोंद करा आणि दर्शनी जागी पुन्हा बसवा. शेजारी एक साधा फलक लावा आणि शाळेतल्या मुलांनी शोधलेली नावे त्यावर लिहा. शंभर वर्षे ती माणसे आकडा म्हणून राहिली आहेत.

समितीतल्या काही जणांना मी ओळखतो. त्यांतले दोघे माझ्याच हाताखाली शिकले. त्यांच्याविषयी माझ्या मनात कटुता नाही, आणि कुणी या पत्राचा आधार घेऊन त्यांना भलतेसलते बोलू नये, अशी वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. चूक दुरुस्त व्हावी एवढेच पाहिजे आहे, आणि ती एका पत्राने दुरुस्त होण्यासारखी आहे.

समितीने सभा बोलावली तर मी यायला तयार आहे. मानपत्राची प्रत, पलटणीच्या इतिहासातली टिपणे आणि परिपत्रक बरोबर घेऊन येईन. माझे काही म्हणणे पुराव्यानिशी खोडून काढले तर ते मी तिथेच मान्य करेन. ज्या शाळांना मानपत्राचे भाषांतर तयार हवे असेल त्यांना मी ते स्वखर्चाने छापून देईन. येत्या 10 जुलैच्या आत आपला निर्णय कळवावा.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
रायगड जिल्हा